ताईच्या नावचा पाळणा

सुमंगलावैनींना काम मिळालं नाही.

मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही ते बोललेलो नाही. सगळं अजून व्हायचंय आणि कदाचित चांगलंच होईल, असं समजून सुरुवात करू.

मी सागवानी पाळणा. वयानं जुना, हुद्द्यानं नवा. बाजारकुणंगच्या परशुराम सुतारानं मला घडवलं. "ह्यात राजा निजंल," असं तो म्हणाला होता. मग माझ्यात त्याची नातवंडं निजली. त्यांतला एकही राजा झाला नाही. एक कंडक्टर झाला, त्याचा मला जास्त अभिमान आहे. पुढं नातवंडं संपली आणि माझ्यात कांदे राहू लागले. कांद्यांना झोका लागत नाही. ते आपले आपण झोपतात.

गावाबाहेर फणसाचे पापड करायची एक शेड आहे. तिथं एक सरकारी योजना आली. मूल लहान म्हणून घरी बसलेल्या एका आईला परत कामावर घ्यायचं. सकाळचा स्वयंपाक उरकला की काम सुरू, मोठी पोरं शाळेतून यायच्या आत बंद. धाकट्यासाठी शेडीतच पाळणा. म्हणजे मी. कांदे काढले, मला पुसलं, हळदकुंकू लावलं. उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच नोकरीला लागलो.

ही जागा कुणाची, हे सगळ्या शेडीला ठाऊक होतं. दिग्गी गावाच्या वाटेवर राहणाऱ्या सुमंगलावैनींची. बाळंतपणाआधी त्या इथंच पापड लाटायच्या. त्यांच्या पापडातून पलीकडचं माणूस ओळखू यायचं. बाळ झालं, घरी बघायला कुणी नाही, म्हणून काम सुटलं. आता हे काम मिळालं नाही, तर बाळाला झाडाखाली ठेवून जंगलात मोळ्या बांधायला जावं लागणार होतं. शेड की मोळी, एवढाच प्रश्न होता.

नेमणूक करायला शिवानंदसर आले. ते पार चामराजनगरकडचे, कन्नड बोलणारे. त्यांना मराठी येत नव्हती, पण त्यांना सगळं कळत होतं. ते शेडीत कान देऊन बसले. शेडीत पल्लवी नावाची एक मुलगी आहे, लग्न न झालेली. भावंडांत थोरली, म्हणून सगळे तिला ताई म्हणतात. तिची आजीसुद्धा.

"ताई, पीठ दे."

"ताई, आभाळ आलं, पापड आत घे."

आता कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. सरांचे डोळे पाणावले. एवढ्याशा वयात एवढी मुलं, आणि त्यांतली काही साठीची!

दुसऱ्या दिवशी वैनी बाळाला घेऊन आल्या. "इवरु तायीना?" सरांनी विचारलं. ह्या आई का?

फुलामावशी, शेडीतली सगळ्यांत जुनी बाई, लाटण्यात गुंतली होती. तिच्या कानावर नुसतं ताई पडलं. "न्हाई वो," ती मान वर न करता, लाटण्यानं पल्लवीकडं दाखवत म्हणाली, "ताई ती तिकडं बसलीया. ह्या वैनी."

जागा पल्लवीच्या नावावर झाली. सोबत मीही.

चूक कळल्यावर शेड पोट धरून हसली. मग हसू संपलं. फुलामावशीनं सरांना गाठून नीट कन्नडमध्ये समजावलं, की आमच्यात ताई म्हणजे थोरली बहीण, आणि तिचं अजून लगीनही नाही.

"कळलं," सर म्हणाले. "पण वर कळवून झालंय. आता ती आई आहे."

पल्लवी रडली. "मला नगं ही जागा. वैनींना तोंड कसं दावू?" पण आईपणाचा राजीनामा कुठं द्यायचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तोवर मी रिकामा दिसू नये म्हणून माझ्यात एक फणस ठेवला.

मग आई आणि बाळ बघायला वरचे साहेब येणार, असं कळलं. सर घाबरले. फणसाला टोपडं घालून बघितलं. काटे टोपड्यातून बाहेर आले. शेवटी सर वैनींच्या दारात गेले आणि तासाभरासाठी बाळ मागितलं.

वैनींनी हो म्हटलं. फुलामावशी भडकली. "येडी हायस का ग? काम गेलं, आता पोर बी देतीस?"

"साहेब म्होरं असतील न्हवं," वैनी म्हणाल्या. "मी बोलीन. मोठा माणूस हाय, ऐकंल."

बाळ माझ्यात निजलं. ते उबदार होतं. फणस कधीच उबदार नव्हता. साहेब आले, फोटो निघाले आणि बाळानं आई शोधायला सुरुवात केली. पल्लवीनं उचललं, तसं ते जास्तच रडलं.

साहेब खूश झाले. "बाळ रडतंय, म्हणजे आईचं कामात लक्ष आहे!"

तेव्हा वैनी पुढं झाल्या. त्यांनी बाळ घेतलं. ते गप्प झालं. आणि त्या स्वच्छ कन्नडमध्ये म्हणाल्या, "सर, नानु तायी." मी आई.

शेडीतली सगळी लाटणी थांबली.

शिवानंदसर हसत मध्ये आले. "साहेब, इथल्या भाषेत ताई म्हणजे थोरली बहीण. ह्या बाळाच्या बहीण लागतात." फुलामावशीनं शिकवलेला शब्द त्यांच्या चांगला लक्षात राहिला होता.

"बहिणीचा लळा असतोच," असं म्हणून साहेब जीपमध्ये बसले.

"हेत्त तायी! जन्म दिल्याली आई!" फुलामावशी जीपमागं ओरडत धावली. धुरानं सगळं ऐकून घेतलं.

"वैनी, पाळणा तरी न्या," पल्लवी म्हणाली. सर म्हणाले, पाळणा ताईच्या नावावर आहे.

आता वैनी मोळ्या बांधतात. बाळ झाडाला टांगलेल्या लुगड्याच्या झोळीत असतं आणि त्या झाडावर तांबड्या मुंग्या आहेत. वारा तिकडनं आला की रडणं शेडीत ऐकू येतं. मग पल्लवी लाटणं खाली ठेवते. मी जागच्या जागी हलतो. त्याचा उपयोग फणसाला होतो.

मित्रांनो, पाळण्याची निगा राखा, असं मी सांगणार नाही. मूल कुणाकडं गेल्यावर गप्प होतं, एवढं बघत जा. त्याला कुठलीच भाषा लागत नाही.

तरी मेहेरबान साहेबांच्या सेवेशी नम्र विनंती, की अर्जदार पाळण्याचे चारही पाय चालते करून मिळावेत. मंजुरी मिळताच अर्जदार दिग्गीच्या वाटेनं स्वतःच्या जबाबदारीवर, कार्यालयीन वेळेत निघून, बाळ रडत असेल त्या झाडाखाली हजर होईल. कळावे.