निळं पाणी

रशियातल्या वोलोग्दा शहराबाहेरच्या त्या बागेपायी फाईनाने अकरा वर्षं हाडाची काडं केली. नवरा एदिक कधीच दुसरीकडे संसार थाटून बसला होता. त्याची आई कापितोलिना मात्र हिच्या गळ्यात राहिली. सासूने शब्द दिला होता, मातीचा आंबटपणा गेला की बाग तुझ्या नावावर करीन.

मातीची परीक्षाही सासूच घ्यायची. दर वर्षी पानगळीच्या दिवसांत ती काळ्या करंटच्या झुडपाची पानं उकळायची आणि पाणी निवलं की ग्लासात मातीचं ढेकूळ सोडायची. पाणी निळं झालं तर माती कोबीला, बिटाला चांगली. लाल झालं तर आंबट. दर वर्षी लालच. "तुझ्यासारखीच आंबट," असं सासू म्हणायची, आणि फाईना निमूट पुन्हा चुना, राख, शेणखत वाहायला लागायची. वाफ्यात डोक्याएवढा कोबी धरत होता, तरी हिला शंका आली नाही. चांगली माणसं इतकी मूर्ख का असतात, देव जाणे.

यंदा म्हातारीचे पाय गेले होते. फाईनाने तिला चाकाच्या खुर्चीतून बसने आणलं, आणि तिच्या हट्टापायी आधी कुंपणालगतच्या पाइनखाली बसवलं. मग झोपडीत पानं उकळून आणली. सासूने एप्रनच्या खिशातून ढेकूळ काढून ग्लासात टाकलं. पाणी लाल झालं, आणि त्यावर पाइनचं सुईसारखं एक पान तरंगत आलं. पाइनखालची माती कायमच आंबट, आणि वाफे तर तिथून तीस पावलं लांब.

फाईनाने उरलेलं पाणी दुसऱ्या ग्लासात ओतलं, वाफ्यातली चिमूटभर माती टाकली. ते हळूहळू निळं झालं.

"कधीपासून, आई?"

"चौथ्या वर्षापासून," सासू शांतपणे म्हणाली. "तेव्हाच सांगितलं असतं, तर पुढे पोती वाहिली असतीस? मला आंघोळ घातली असतीस?"

"आता तरी नावावर करा."

"तीन वर्षं झाली, एदिकच्या नावावर केलीय. पोटचा पोर आहे तो."

फाईनाला इतका संताप आला की रडूसुद्धा फुटेना. तिने दोन्ही ग्लास विसळून पालथे घातले. सासूच्या गुडघ्यांवर शाल टाकली, मांडीवर फोन ठेवला.

"मग मालकालाच बोलवा न्यायला."

"तो माझा फोन उचलत नाही. तुला ठाऊक आहे." म्हातारीचा आवाज पहिल्यांदाच कापला.

"ठाऊक आहे," फाईना म्हणाली आणि फाटकाला बाहेरून कडी घातली. शेवटची बस पाचची होती. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिच्या हातात काही ओझं नव्हतं.