शेठच्या शुभहस्ते

उल्हासनगर कॅम्प एकमधल्या वायरीच्या दुकानात वैष्णवीने जाड काळी वायर उचलली आणि मालिनी मॅडमनी बारीक पांढरी. पैसे मॅडम देणार होत्या, त्यामुळे कुठली घ्यायची ते तिथेच ठरलं.

रॉकेट होतं हातभर, पुठ्ठ्याचं. मॅडम चालवायच्या त्या अंबरनाथ पश्चिमेच्या विज्ञान मंडळात वैष्णवीने ते केलं होतं आणि ते उडवायचा बटणाचा डबाही तिनेच जुळवला होता. बटण दाबलं की बॅटरीचा करंट वायरीतून जाऊन रॉकेटच्या बुडातली वात पेटवायचा. मंडळाच्या कपाटात उंदरांनी वायर पार कुरतडली, म्हणून ही खरेदी. पण जुनी वायर होती चार पावलांची, आणि आता हवी होती मैदानभर लांब. कारण यज्ञेशशेठ.

सोनिवलीत शेठचे टॉवर उभे राहत होते आणि रॉकेट उडवायचा कार्यक्रम तिथेच होता. मैदान त्यांचं, मंडप त्यांचा, वडापाव त्यांचे, मग बटण तरी दुसऱ्याचं कसं असेल? पत्रिकेत छापूनही झालं होतं, 'यज्ञेशशेठ यांच्या शुभहस्ते'. शेठ काही व्यासपीठावरून खाली उतरणार नव्हते, तेव्हा वायरीनेच वर चढायचं होतं. आपल्याकडे फीत असो, कोनशिला असो की रॉकेट, राबणारे हात निराळे आणि शुभ हात निराळे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

महिन्यापूर्वी मॅडमच म्हणाल्या होत्या, "बटण तूच दाबायचं हं, वैष्णवी." तिने ते घरी सांगितलं होतं. तिचे बाबा, किसन, रंगाच्या कंपनीत कामाला. लेक बटण दाबणार म्हणून ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटले होते. आता बटण शेठ दाबणार, हे त्यांना सांगायला तिची जीभ रेटत नव्हती.

"मॅडम, ही फार बारीक आहे. एवढ्या लांब करंट पोचणारच नाही," ती म्हणाली.

"काळी नको गं. पांढरा गालिचा आहे, मधूनच साप गेल्यासारखा दिसेल."

दुकानदाराने विचारलं, "क्या चलाना है, बेटा?"

"रॉकेट."

तो खो खो हसला. "सफेद ले जाओ मॅडम. शादीवाले सब यही ले जाते हैं."

घरी येऊन वैष्णवीने पांढऱ्या वायरीला वात जोडली नि बटण दाबलं. वात नुसती कोमट झाली. तिने मॅडमना फोन केला. मॅडमना युक्ती सुचली.

"शेठचं बटण दिसायला राहू दे. तू छोटी जाड वायर घेऊन विटांच्या ढिगामागे बस. त्यांनी दाबलं की तू दाब. आणि हे कुठे बोलायचं नाही हं, मंडळाची अब्रू आहे."

संतापाने तिचे कान तापले. नाही म्हणावं आणि रॉकेट जागच्या जागी राहू द्यावं, असंही मनात आलं. पण फजिती शेठची झाली तरी रॉकेट तिचं होतं. ती हो म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी पांढरी वायर गालिच्यावरून डौलात आली आणि रॉकेटपाशी नुसती पडून राहिली, कशालाच न जोडलेली. वैष्णवी विटांमागे उकिडवी बसली होती. "पाच, चार..." निवेदिका मोजायला लागली. शेठना कुठला धीर! त्यांनी तीनलाच अंगठा दाबला. वैष्णवीने धडपडत आपलं बटण दाबलं. रॉकेट सूं करत टॉवरच्याही वर गेलं, अगदी सरळ, आणि वर त्याची छत्री उघडली. आनंदाने तिला रडू फुटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि शेठनी हात जोडले.

बाबा तिला मंडपात भेटले. शेठबरोबर काढलेला फोटो मोबाइलवर दाखवत म्हणाले, "कुठे होतीस तू? शेठनी काय एक नंबर उडवलं!"

आता मात्र तिला राहवेना. सगळ्या जगाला नाही कळलं तरी चालेल, बाबांना कळलंच पाहिजे. "बाबा, मी उडवलं. त्यांचं बटण कशालाच जोडलेलं नव्हतं. मी त्या विटांच्या मागे होते. विचारा मॅडमना."

मॅडम जवळच होत्या. बाबांनी खरंच विचारलं. मॅडमनी एकदा शेठच्या खुर्चीकडे पाहिलं आणि गोड हसल्या. "असं कसं होईल? तुम्ही पाहिलंत ना स्वतः! पण वैष्णवीने मदत खूप केली हो."

बाबांचा चेहरा उतरला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुला चान्स नाही भेटला, वाईट वाटतंय, समजतं मला. पण विहारात पंचशील म्हणतो ना आपण? मग खोटं कशाला बोलायचं? मॅडमची माफी माग."

तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडम पदर सारखा करत होत्या. बाबा मान खाली घालून उभे होते, चारचौघांत त्यांना लेकीची लाज वाटत होती, आणि ते काही तिला बघवेना.

"सॉरी, मॅडम," ती म्हणाली.

मॅडमनी मोठ्या मनाने माफ केलं.