आत गेलेली आई

"मरनवर पोथी मिटानी नई, बेटा. पुढलं पान शुभनं येवा दे, मंगच उठानं."

हे सांगणाऱ्या कमलबाईंच्या सासूबाई, तापीबाई, जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण सुनेला जवळ बसवून त्या पोथी ऐकायच्या, आणि एवढा एक नियम घालून गेल्या. तेव्हापासून पोथीत कुणाचा प्राण गेला, की घसा सुकला तरी कमलबाई पुढचा अध्याय काढायच्या. कुठे लग्न, कुठे बारसं, कुठे राज्याभिषेक लागला, की मगच पोथीला रुमाल बांधायच्या.

आज मात्र त्यांची पंचाईत झाली होती. मांडीवर पोथी नव्हती, नाटकाचं पुस्तक होतं. शेवटच्या पानावर दोन प्रेतं होती, पडदा पडला होता, आणि पुढे पानच नव्हतं.

सन एकसष्टचा भाद्रपद. म्हसावदला कमलबाईंच्या ओसरीत दुपारच्या कामातून मोकळ्या झालेल्या बायका लाखवातीच्या नेमाच्या वाती वळत बसायच्या. घरच्या कपाशीचा कापूस, घरचीच राख बोटांना. वळता वळता कमलबाई काहीबाही वाचून दाखवायच्या. हे नाटक रूपचंदभाऊंच्या बायकोने, शांतीबाईंनी, आणलं होतं, पदराखाली झाकून. "रद्दीमा सापडनं," एवढंच म्हणाल्या होत्या. पहिल्या पानावर शाळकरी अक्षरात 'मीना रूपचंद' असं नाव होतं. कमलबाईंनी ते पान हळूच उलटलं आणि दुसऱ्या पानापासून सुरुवात केली. ज्या घरात लेकीचं नाव घ्यायची बंदी होती, त्या घरची बाई ते पुस्तक घेऊन आली होती. तिला आणखी काय विचारायचं?

नाटक जुनं, एके काळी फार गाजलेलं. किल्लेदाराची मुलगी, नदीपलीकडचा साधा शिलेदार. बापाला हे कळतं, आणि तो दिवेलागणीलाच किल्ल्याचा दरवाजा बंद करवतो. मुलगी चोरवाटेने नदीवर येते. पूर आलेला. ती या काठावरून पाण्यात उतरते, तो त्या काठावरून. सकाळी कोळ्यांना दोघं सापडतात, हातात हात. बाप वाळूत डोकं आपटून घेतो. पडदा.

"पोरनंच चुकनं," कौसाबाई कुणाची वाट न पाहता म्हणाल्या. त्यांचं बोलणं असंच, सुपातून पाखडल्यासारखं. "बापनी इज्जत पानीमा बुडाडी. आनि नदीकाठनी पोर, साधं पव्हता येत नई तिले?"

"आनि तो शिलेदार?" पाटलांची धाकटी सून रंजनाबाई हसू दाबत म्हणाली. "होडी लई येवाले काय व्हयनं व्हतं त्याले? चार पानं नुसता चंद्रसंगे बोलत बठना. तितला येयमा मन्हा मालक बैलगाडी जुपीसन उना असता."

"तुन्हा मालक! बजारमाईन मीठ आनाले इसरस तो!"

बायका हसल्या. वाती सांडल्या, पुन्हा गोळा झाल्या. मग कौसाबाईंनी कमलबाईंकडे तोंड वळवलं. "तू सांग वं कमल. इतलं वाचस तू. चूक कोनी?"

कमलबाई कुणाला दोष द्यायला घाबरायच्या. जीभ विटाळते, असं त्यांना वाटे. तरी त्या हळूच म्हणाल्या, "दिवेलागनले दार लावं, तेच चुकनं. लक्ष्मी येवानी येय ती. त्या येयले दुश्मनले बी कोनी दार लावत नई."

शांतीबाईंच्या हातातली वात अर्धी वळून थांबली. दोन वर्षांपूर्वी मीना नंदुरबारच्या रेल्वेतल्या परजातीच्या कारकुनाशी लग्न करून पाया पडायला आली, तेव्हा रूपचंदभाऊंनी दार लावलं होतं. वेळ दिवेलागणीचीच होती.

बायकांच्या माना वातींवर खाली गेल्या. रंजनाबाईने ते ओळखून म्हटलं, "मंग उठानं कसं, मावशी? तुन्हा नेम शे ना? मांगे काही छापेल शे का दख."

कमलबाईंनी पुस्तक उलटलं. "शे. डोकाना तेलनी जाहिरात."

"वाच मंग! केस लांब व्हवानं बी शुभच शे!"

पुन्हा हशा पिकला. त्या हशातच शांतीबाई बोलल्या. वाचन सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

"त्या पोरनी माय कोठे गई?"

"कोनी माय?"

"त्या पोरनी. सुरूले व्हती ना ती? काय बोलनी शेवटले?"

कमलबाईंनी मागची पानं चाळली. दुसऱ्या अंकात आई होती. बाप संतापलेला, मुलगी पायाशी, आणि आई म्हणते, "सांजवात लावायची राहिली." पुढे कंसात लिहिलं होतं, 'आत जाते.' त्यानंतर कमलबाईंनी प्रत्येक पान बोटाने पाहिलं. नदीवर आई नव्हती. वाळूत नव्हती. प्रेतांजवळसुद्धा नव्हती.

"आत गई," कमलबाई म्हणाल्या.

"आनि भाहेर?"

"भाहेर उनीच नई."

शांतीबाईंनी मान हलवली, जसं काही त्यांना ते आधीच ठाऊक होतं. मग अर्धी राहिलेली वात त्यांनी नीट वळून पुरी केली.

ऊन कलल्यावर बायका उठल्या. शांतीबाई तेवढ्या मागे राहिल्या. दाराकडे एकदा पाहून त्यांनी कापसाच्या पाटीतून फडक्यात बांधलेलं काही काढलं. हिरवा खण होता, नारळ होता, मूठभर गहू, हळकुंडं.

"तिले दिन शेत," त्या म्हणाल्या. "मिरचीना बजारले जायेल बाया सांगत व्हत्यात. आठवा लागना म्हने. पहिलं बायतपन, आनि मायेरनी ओटी नई. माले त्यासनी गयानी शपथ घाली ठेयेल शे, कमल. तिना उंबरा चढनू, ते हाऊ उंबरा बंद. तू सवाशीन शे. मन्हाकडथीन तिनी ओटी भरी येशी?"

कमलबाईंना लगेच हो म्हणवलं नाही. चातुर्मासाची पोथी रोज संध्याकाळी रूपचंदभाऊंच्याच ओसरीवर लागायची. अर्धं गाव ऐकायला यायचं. देवाने आपल्याला दिलेली एवढीच सेवा, असं त्या मानत. तापीबाईंनी पोथीजवळ बसवलं होतं, ते बसणं जाईल.

त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं. ते अजून उघडंच होतं. शांतीबाईंनी वळलेली ती वात त्यांनी उचलली, शेवटच्या पानावर ठेवली आणि म्हणाल्या, "दखं, मी हाई मिटेल नई शे. पुढलं पान मीनानं. वचन देस तुले."

त्या रात्री त्यांनी पान वाढून घेतलं नाही. वाचन अपुरं राहिलं, की रात्री जेवायचं नाही, हाही त्यांचा नेम होता. दोधूभाऊ, त्यांचे यजमान, भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आज कसाना उपास वं?"

"वाचन ऱ्हायनं पुरं व्हवानं."

"नाटकना बी उपास! धन्य शे." मग सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी उरलेली भाकरी ताटात ठेवली. "रूपचंदनी ओसरी जाई बरं हातनी."

"जाई ते जाई. ओसरी त्यासनी शे, पोथी देवनी."

दोधूभाऊंनी हात धुतला. "पहिली गाडी शहादापावत. तठे बदलानी पडी," एवढंच म्हणाले, आणि कंदिलाची वात बारीक केली.

सकाळी तुळशीला पाणी घालून, सूर्याला हात जोडून कमलबाई निघाल्या. एका हातात ओटीचं गाठोडं, दुसऱ्या हातात पुस्तक. गाडीच्या थांब्याची वाट रूपचंदभाऊंच्या घरावरून जायची. दुसरी वाटही होती, खळ्यामागून. तिने जावं असं त्यांना क्षणभर वाटलं. पण शुभ कामाला लपून जाऊ नये म्हणून त्या सरळ वाटेनेच गेल्या.

रूपचंदभाऊ ओट्यावर दातण करत बसले होते.

"कोठे निंघन्यात वहिनी, सकायमा?"

खोटं न बोलण्याचा नेम तर लहानपणापासूनचा. "नंदुरबारले. एक वाचन अधुरं ऱ्हायनं, ते पुरं कराले."

रूपचंदभाऊंची नजर गाठोड्यावर गेली. फडक्याच्या कोपऱ्यातून हिरवा खण डोकावत होता. त्यांनीच मागच्या यात्रेत घरात आणलेला खण, तो ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. दातण तोंडात तसंच थांबलं.

"आनि संध्याकायनी पोथी?" त्यांनी विचारलं.

"दिवा लागाले मी येसू, भाऊ," कमलबाई नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाल्या. "दार उघडं ऱ्हायनं, ते वाचसू."

रूपचंदभाऊंनी मान खाली घातली. दातणाचं टोक चावत राहिले. त्यांच्या मागे, दाराच्या आत, अंधारात शांतीबाई उभ्या होत्या.

कमलबाई चालू लागल्या. मनात नाम घेत राहिल्या. मारुतीच्या पाराशी वळताना त्यांनी एकदा मागे पाहिलं.

सडा केव्हाच टाकून झाला होता, तरी शांतीबाई पाण्याची बादली घेऊन दारातून बाहेर आल्या होत्या. ओटा उतरून, अंगण ओलांडून, रस्त्याच्या कडेपर्यंत. नवऱ्याच्या डोळ्यांदेखत त्या तिथे उभ्या होत्या, आणि बादलीतलं पाणी हलत होतं.

लांबून गाडीचा आवाज आला. कमलबाईंनी गाठोडं काखेत नीट धरलं आणि पुस्तकात, त्या वातीपाशी, एक बोट तसंच ठेवून पावलं उचलली.