पडद्यांची गाडी

राजारामपुरीतल्या सातव्या गल्लीत राहणारे यज्ञेश्वर रुकडीकर एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. खेड्यापाड्यांतून रस्त्यासाठी, मोरीसाठी, छोट्या पुलासाठी येणारे अर्ज त्यांच्या टेबलावरून पुढं जात. म्हणजे, जायचेच झाले तर जात. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना अण्णा म्हणत. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एकही चूक झाली नव्हती, कारण त्यांच्या हातून सहसा काही झालंच नव्हतं.

१९७८ सालची दिवाळी आटोपली आणि त्यांच्या पत्नी लीलाबाईंनी विषय काढला. गारगोटीच्या पलीकडं डोंगरात जोगेवाडीची देवी आहे, ती त्यांच्या माहेरची कुलदेवी. मुलगी नंदिनी बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आली तर ओटी भरीन, असं त्या बोलून बसल्या होत्या, आणि नंदिनी आली होती.

"दुसऱ्या शनिवारी जाऊ, रविवारी परत," लीलाबाई म्हणाल्या. "पण एस.टी. अर्ध्यातच सोडते. पुढं दोन कोस चालायला आता माझे गुडघे नाहीत. एखादी गाडी करा."

"गाडी करायची म्हणजे नीट निवडून करायला हवी," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी कपाटातून एक कोरी फाईल काढली. तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'वाहन निवड (सहल, दोन दिवस)'. आत रकाने आखले. आसनं किती, छत कसं, चालकाची वागणूक कशी, असे अकरा रकाने झाले. शेवटच्या रकान्यावर 'शोभा' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

पहिली पाहणी गल्लीतल्याच एका डॉक्टरांच्या फियाटची झाली. डॉक्टर ती ओळखीच्या लोकांना भाड्यानं देत, पण मुलगी सासरी धाडावी तशा काळजीनं देत. "चपला बाहेर काढून बसायचं," ते म्हणाले. "दारं हळू लावायची. आणि घाटात चढ लागला की एकानं उतरून चालायचं. वर गेली की थांबते बिचारी." अण्णा मागं बसून पाहायला गेले तर गुडघे हनुवटीला टेकले. आकाराच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'संकोची'.

दुसरी जीप होती, मुरगूडच्या हंबीररावांची. हंबीरराव ती स्टँडसमोर लावून बॉनेटवर पान खात बसायचे. अण्णांनी छत, आसनं, टायर अशी चौकशी सुरू केली तेव्हा ते खाली उतरले सुद्धा नाहीत.

"पावणं, ही गाडी न्हाय, रेडा हाय रेडा," ते म्हणाले. "चिखलात घाला, दगडात घाला, कुटं बी अडायची न्हाय. गेल्या म्हैन्यात लग्नाला अकरा माणसं आन दोन बकरी घेऊन गेलतो."

"बकरी कुठं बसली होती?"

"तुमी बसणार तितंच की!"

अण्णांनी शोभेच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि तिथून निघाले.

तिसरी गाडी बघताच मात्र त्यांच्या हातातलं पेन थांबलं. पांढरी अँबॅसडर. सरकारी लिलावातून कृष्णात नावाच्या ड्रायव्हरनं ती घेतली होती आणि भाड्यानं चालवत होता. मागच्या काचांना हिरवे पडदे होते. बॉनेटवर झेंडा लावायची छोटी दांडी अजून तशीच होती. मागच्या सीटवर पांढरा टर्किशचा टॉवेल अंथरलेला. ज्या सीटवर बसणाऱ्यांसाठी अण्णांनी अठ्ठावीस वर्षं दारं उघडली होती, तसल्या सीटवर ते पहिल्यांदाच टेकले. पडदा थोडा बाजूला सारून त्यांनी बाहेर पाहिलं. रस्ता तोच होता, पण बराच खाली गेल्यासारखा वाटला.

"गाडी कशी आहे चालायला?" त्यांनी विचारलं.

"सडकंला राणी हाय सायेब," कृष्णात म्हणाला. "फकस्त पाण्यात घालायची न्हाय. पोट खाली हाय तिचं."

'सायेब' एवढाच शब्द अण्णांच्या कानात राहिला. बाकीचं वाक्य रस्त्यावरच सांडलं.

घरी लीलाबाई म्हणाल्या, "अहो, वाटेत ओढा लागतो. पाणी असतं त्याला. जीपच बरी."

"ओढ्यासाठी कोणी गाडी निवडतं का? ओढा दोन मिनिटांचा. बाकी दोन दिवस आपल्याला माणसांत वावरायचंय."

नंदिनी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "अण्णा, तुम्ही गाडी निवडताय की खुर्ची?"

अण्णांनी फाईलवर 'अँबॅसडर. मंजूर.' असं लिहून सही केली. स्वतःचा प्रस्ताव स्वतःच मंजूर करायची ही त्यांची पहिलीच वेळ होती आणि ती त्यांना फार आवडली.

शनिवारी सकाळी सात वाजता गाडी दारात आली. सगळी तयार होती, तरी अण्णांनी वीस मिनिटं काढली. आधी पाण्याचा फिरकीचा तांब्या राहिला म्हणून आत गेले, मग कुलूप नीट लागलंय का ते पाहायला. तेवढ्यात गल्लीतल्या बहुतेक खिडक्या उघडल्या. मग अण्णा मागं डावीकडं बसले, कारण साहेब तिथंच बसतात. लीलाबाई शेजारी, नंदिनी पुढं.

मुदाळतिट्ट्याला चौकातल्या हवालदारानं गाडी पाहिली, दांडी पाहिली, पडदे पाहिले आणि टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. अण्णांच्या अंगातून एक शिरशिरी गेली. त्यांनी मान किंचित, अगदी किंचित हलवली. इतकी किंचित मान हलवणं नवख्याला जमत नाही. साहेबांची तशी मान त्यांनी रोज समोर बसून पाहिली होती.

"कुणाला केला हो सलाम?" लीलाबाईंनी विचारलं.

"गाडीला," नंदिनी म्हणाली.

गारगोटी गेली, डांबर संपलं, तांबडी माती सुरू झाली. दहाच्या सुमाराला ओढा आला. यंदा पाऊस लांबल्यानं पाणी चांगलं खळखळत होतं. कृष्णातनं गाडी थांबवली.

"सायेब, पानी जादा दिसतंय. मी बोललो हुतो तुमास्नी."

लीलाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. आता माघार घ्यायची म्हणजे अकरा रकान्यांची फाईल खोटी पडणार. "चला, घाला," अण्णा मागं रेलून म्हणाले.

राणी ओढ्याच्या बरोबर मध्यावर गेली, तिनं दोनदा उचकी दिली आणि ती बसली. सायलेन्सरमधून बुडबुडे आले. दाराच्या फटीतून पाणी आत शिरलं आणि अण्णांच्या पॉलिश केलेल्या बुटांवरून शांतपणे वाहू लागलं.

पलीकडच्या काठावर एका पोरानं पांढरी गाडी पाहिली आणि तो ओरडत गावात पळाला. पाच मिनिटांत पन्नासेक माणसं जमली. पुढं गणपतराव, गावचे जुने सरपंच. त्यांनी धोतरावर घाईघाईनं काळा कोट चढवला होता. ते तसेच कोटासकट पाण्यात शिरले, गाडीजवळ आले आणि त्यांनी पडद्यासमोर हात जोडले.

"आलासा सायेब! सात वर्सं वाट बगतोय. म्हटलं, कवा तरी कोण तरी बगायला येईलच."

अण्णांनी पडदा सारला. मी साहेब नाही, एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. पण मुदाळतिट्ट्याचा सलाम अजून अंगात होता. त्यांच्या तोंडून निघालं, "हं. पाहणी करायला हवी."

मग काय! चौघांनी एक लाकडी खुर्ची आणली, अण्णांना तिच्यात बसवलं आणि खांद्यावर घेऊन पाण्यातून काठावर नेलं. लीलाबाई आणि नंदिनी साड्या वर खोचून मागून चालत आल्या. कृष्णात गाडीच्या टपावर जाऊन बसला आणि त्यानं बिडी पेटवली.

काठावर आंब्याखाली खुर्ची ठेवली गेली. चहा आला. आणि मग गणपतरावांनी पत्र्याची एक पेटी उघडून कागदांचा गठ्ठा अण्णांच्या मांडीवर ठेवला.

"ह्ये आमचं आंबेघोल गाव. ओढ्यावर मोरी मागितली हुती. धा अर्ज केलं. धा बी परत आलं."

आंबेघोल. हे नाव अण्णांनी कितीदा तरी लिहिलं होतं. ते कुठं असतं, याची चौकशी करायची गरज कधी पडली नव्हती. त्यांनी पहिला कागद उघडला. 'नकाशा तीन प्रतींत नाही, सबब परत.' दुसरा, 'नकाशाच्या प्रती तीनपेक्षा जास्त आहेत, सबब परत.' अक्षर मोत्यासारखं. खाली साहेबांची सही आणि डाव्या कोपऱ्यात बारीक 'य. रु.'. सगळ्यात शेवटचा कागद गेल्या जूनचा होता. 'सदर ओढ्यास पाणी असल्याबाबत सक्षम व्यक्तीचा दाखला जोडलेला नाही.'

अण्णांच्या मोज्यांतून पाणी ठिबकत होतं.

गर्दीतून एक बाई पुढं आली, बयाबाई. "सायेब, माजी पोरगी तीन वर्सं चौथीतच हाय," ती म्हणाली. "शाळा पल्याड. जून ते दिवाळी पोरीला जाता येत न्हाय. मास्तर म्हणत्यात, हजरी न्हाय, मग पास कशी करू? पाडं सगळं पाठ हाईत तिला. इचारा, बसल्या बसल्या तुमीच इचारा."

अण्णांनी विचारलं नाही. चहाचा कप मांडीवर कलंडू नये म्हणून त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला होता.

लीलाबाई खुर्चीमागं उभ्या राहून वाचत होत्या. किराणाच्या यादीत, भाच्याच्या पत्रात, पंचवीस वर्षं हेच अक्षर त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी एकदा नवऱ्याच्या टकलाकडं पाहिलं, एकदा बयाबाईकडं. मग म्हणाल्या, "गणपतराव, हे साहेब नाहीत. गाडी भाड्याची आहे."

लोकांनी वळून ओढ्यातल्या गाडीकडं पाहिलं.

"पण हे 'य. रु.' आहे ना कोपऱ्यात, ते हेच. यज्ञेश्वर रुकडीकर."

अण्णांना वाटलं, आता हे लोक आपल्याला खुर्चीसकट ओढ्यात टाकणार. पण गणपतरावांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी खाली वाकून अण्णांचं तोंड न्याहाळलं.

"आस्सं व्हय! य. रु. म्हंजे तुमी? आमी म्हणतोय, मंबईचा कोण मोठा मंत्री असंल. आमची पोरं तर पाऊस सुरू झाला की म्हणत्यात, य. रु. कोपला!" लोक हसायला लागले. ते हसू अण्णांना ओढ्यात पडण्यापेक्षा जड गेलं. गणपतराव मात्र हसले नाहीत. "बरं झालं, आलासा. आता दाखला लिवा. ओढ्याला पानी हाय म्हणून."

"मला तसा अधिकार नाही," अण्णा सवयीनं म्हणाले. "दाखला सक्षम व्यक्तीनं—"

"मग गाडी वडायला आमच्या बैलास्नी बी अधिकार न्हाय," गणपतराव म्हणाले, आणि खाली बसून त्यांनी निवांत तंबाखू मळायला घेतली.

अर्धा तास गेला. टपावरचा कृष्णात दुसरी बिडी संपवून आडवा झाला. नंदिनी बयाबाईच्या पोरीला घेऊन काठावर बसली आणि तिचे पाढे ऐकू लागली. एकोणतीसचा पाढा अडखळल्याशिवाय पार पडला. तो संपताना अण्णा उठले.

"काठी द्या एक," ते म्हणाले. "मोजल्याशिवाय मी लिहिणार नाही."

त्यांनी बूट काढले, पॅन्ट दुमडली आणि ते पाण्यात शिरले. तीन ठिकाणी काठी टेकवून त्यांनी खूण केली. मधल्या ठिकाणी पाय घसरला आणि ते कमरेपर्यंत बुडाले. कुणी हात द्यायला धावलं तर म्हणाले, "थांबा, ही पण नोंद घेऊ." मग काठावर येऊन, त्याच मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी लिहिलं, 'प्रमाणित करण्यात येते की, मौजे आंबेघोल येथील ओढ्यास पाणी आहे. मध्यभागी खोली कमरेइतकी. खाली सही करणाराने स्वतः पडून खात्री केली आहे.' कोपऱ्यात 'य. रु.' लिहिलं. मग, असल्या कागदावर आयुष्यात पहिल्यांदाच, खाली पूर्ण नाव लिहिलं.

बैलांच्या दोन जोड्यांनी गाडी बाहेर काढली. ती चालू झाली नाही. देवीला सगळी बैलगाडीनं गेली. लीलाबाईंनी ओटी भरली, आणि येताना त्या नवऱ्याशी नेहमीपेक्षा जरा मऊ बोलत होत्या.

सोमवारी अण्णांनी आंबेघोलचा अकरावा अर्ज साहेबांपुढं ठेवला. साहेबांनी दाखला दोनदा वाचला.

"रुकडीकर, हे पडून खात्री म्हणजे काय?"

"पडलो होतो सर."

"कामावर?"

"नाही सर. सुट्टीत."

"मग भत्ता मागू नका," साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली. मे महिन्यात मोरी झाली.

पण गोष्ट तिथं मिटली नाही. गारगोटीच्या बाजारात ती चवीनं सांगितली गेली आणि सांगता सांगता भुदरगड तालुकाभर पसरली. अर्ज करून उपयोग नाही, य. रु.ला आणून पाण्यात उभा करायचा, म्हणजे काम होतं, एवढा अर्थ लोकांनी त्यातून घेतला. पुढच्या जुलैत, एका शुक्रवारी संध्याकाळी, सातव्या गल्लीत दारावर थाप पडली. डोक्यावर घोंगडं घेतलेला एक अनोळखी माणूस उभा होता. मागं गल्लीच्या तोंडाशी त्याच्याच गावचे आणखी दोघं.

"ज्ञानू म्हणत्यात मला," तो म्हणाला. "आमच्याकडं नदी हाय. लई झ्याक पानी आलंय. म्हटलं, पावण्यास्नी शनवार-रैवार सहलीला न्यावं. गाडीची काळजी करू नगासा, गाडी आमची. टॅक्टर बी हाय आन बैलगाडी बी हाय. कंची धाडू, तेवढं सांगा."

अण्णांनी मागं वळून पाहिलं. लीलाबाई स्वयंपाकघरात गेल्या होत्या आणि दशम्यांचं पीठ परातीत काढत होत्या.

"नदी किती खोल आहे?" अण्णांनी विचारलं.

"ते तुमीच सांगायचं की," ज्ञानू म्हणाला.

अण्णांनी जरा विचार केला. "ट्रॅक्टर आणा," ते म्हणाले. "आणि एक लांब काठी."