पहिला मासा पाण्याला

कुवेतमध्ये रामभाऊंनी चौदा वर्षं एकच खोटं नेटानं सांभाळलं होतं. "आमच्यात मासे चालत नाहीत," असं ते म्हणायचे. फहाहीलच्या एका दवाखान्यात मोडलेल्या हाडांना प्लास्टर घालणारा हा माणूस मराठी मंडळाच्या जेवणात पापलेटचं ताट पुढे आलं की हात आडवा धरायचा आणि वरणभात मागून घ्यायचा. मंडळातल्या बायका त्यांच्यासाठी वेगळी वाटी काढून ठेवायच्या आणि त्यांच्या सोवळेपणाचं कौतुक करायच्या.

खरं म्हणजे रामभाऊ मराठवाड्यातल्या एका धरणाकाठच्या भोयांच्या घरातले. चालता येण्याआधी ते होडीत बसले होते. पण पहिल्याच वर्षी मंडळात कुणीतरी गोड आवाजात विचारलं, "तुम्ही मूळचे कोण?" मंडळात मासे खाणाऱ्यांना मान होता, चवीनं खाणाऱ्यांना तर फारच. मासे धरणाऱ्याला किती मान मिळेल हे आजमावून बघायची त्यांची छाती झाली नाही. एकदा आमच्यात चालत नाही म्हटलं की पुढचे प्रश्नच बंद होतात, हे त्यांनी ओळखलं आणि तेच धरून बसले.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा आल्या तेव्हा रामभाऊंची बायकामुलं सुट्टीवर गावी होती. ओळखीची माणसं एकेक करून बसनं अम्मानकडे निघाली. रामभाऊही निघालेच असते, पण दवाखान्यातल्या मराठी डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मी राहतोय. तुम्ही गेलात तर प्लास्टर कोण घालणार?" चौदा वर्षं ज्या हाताची वाट बघितली तो खांद्यावर पडल्यावर कुठला माणूस बसमध्ये चढेल? रामभाऊ राहिले. डॉक्टरांना सोडून जायला तयार नसलेल्या त्यांच्या पत्नी प्रेमावहिनी राहिल्या आणि त्यांची सात वर्षांची स्वप्नाही राहिली. डॉक्टर आणि रामभाऊ ज्या इमारतीत राहायचे तिच्या खालच्या मजल्यावर यूनुस राहिला. रत्नागिरीकडच्या खाडीवरचा हा माणूस फहाहीलमध्ये किराण्याचं दुकान चालवायचा. दुकान सैनिकांनी पहिल्याच आठवड्यात धुऊन नेलं होतं, तरी तो गेला नाही. जायचं तर रिकाम्या हातानं कशाला जायचं, असं म्हणत राहिला.

फेब्रुवारी लागला तेव्हा इमारतीत तांदूळ आणि कांदे एवढंच उरलं होतं. त्यात स्वप्ना टायफॉइडमधून उठलेली. तिच्या मनगटाची हाडं बघून डॉक्टर एकदा म्हणाले, "हिला मासे, अंडी, दूध द्या असं मी दुसऱ्याच्या पोरीला लिहून दिलं असतं." आणि हसले. ते हसणं रामभाऊंना ऐकवेना.

मासे आणायचे तर समुद्राला तारांची कुंपणं आणि सुरुंग. पण शुऐबा बंदराकडे, बंद पडलेल्या एका गोदामाच्या मागे भिंत फोडून समुद्राचं पाणी आत शिरलं होतं आणि तिथं तळ्यासारखं साचलं होतं. कुणीतरी पूर्वी मासे अडवायला रोवलेले खजुराचे खुंट त्यात अजून उभे होते. पहाऱ्यावरच्या सैनिकाला दोन सिगारेटी दिल्या की तो तोंड फिरवायचा. यूनुस तिथं तीनदा जाऊन हात हलवत परत आला होता.

चौथ्या खेपेला रामभाऊ सोबत गेले, नुसते बघायला म्हणून. पाणी गढूळ, चहात दूध जास्त पडल्यासारखं, आणि बोट घातलं तर कळ येईल इतकं थंड. यूनुस मधोमध गरी फेकायचा, ओढायचा, पुन्हा फेकायचा.

"अशा पाण्यात मासा दिसत नाय आणि माशाला गरी दिसत नाय," तो वैतागून म्हणाला. "खाडीत मी टोपलं भरून आणायचो. हितं सैतान बसलाय."

रामभाऊ अर्धा तास बघत राहिले. मग त्यांना राहवलं नाही. चांगला स्वयंपाकी दुसऱ्याला भाजी करपवताना किती वेळ बघेल?

"आण इकडं," ते म्हणाले, आणि चौदा वर्षं मंडळासाठी घोटलेली भाषा त्यांच्या तोंडातून गळून पडली. "थंड्या पाण्यात मासा पळत नसतो. अंग चोरून लाकडाला चिकटून बसतो. त्याच्या तोंडाशी नेऊन द्यावं लागतं. ओढायचं न्हाई. गप धरायचं."

त्यांनी दोरा तोंडात धरून ओला केला, चिखलातला खेकडा गळाला लावला आणि खुंटाला घासून सोडला. दोरा तर्जनीवर घेतला. प्लास्टर ओलं असताना आतलं हाड नीट बसलंय का हे सांगणारं ते बोट. बराच वेळ काही झालं नाही. मग दोरा जरासा जड झाला, एवढंच. रामभाऊंनी मनगट वळवलं आणि वीतभर लांबीचं हामूर, आखातातल्या लोकांचा आवडता मासा, चिखल उडवत वर आलं.

यूनुस ओरडलाच. पण रामभाऊंनी मासा दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि परत पाण्यात सोडून दिला.

"खुळा झालास काय रे!" यूनुसनं कपाळावर हात मारला. "पोरगी उपाशी हाय तिकडं!"

"पहिला मासा पाण्याला," रामभाऊ म्हणाले. "तो ठेवला तर पुढचा येत नसतो. माझा बाप असंच करायचा, त्याचा बापही."

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. यूनुस त्यांच्याकडे टक लावून बघत होता. रामभाऊ मासे धरणाऱ्यांच्या घरातले हे त्याला आता कळलं होतं, आणि त्यानं पुढचा खेकडा शोधायला चिखलात हात घातला. त्या दिवशी त्यांनी चार हामूर नेले.

इमारतीच्या जिन्यात रामभाऊंनी यूनुसचा दंड धरला. "तू धरलेस म्हणून सांग."

"का?"

"माझ्यासाठी."

"माशांची लाज वाटते तुला?" यूनुसला खरंच कळत नव्हतं. त्याच्या गावात ज्याचं जाळं भरलं त्याला लोक रस्त्यात थांबवून विचारायचे. पण तो मैत्रीला जागणारा माणूस. "बरं," म्हणाला.

पुढचे तीन आठवडे हेच चाललं. धरायचे रामभाऊ, पहिला सोडायचेही रामभाऊच, आणि वर प्रेमावहिनींच्या हातात पिशवी द्यायचा यूनुस. वहिनी डोळ्यांत पाणी आणून म्हणायच्या, "यूनुसभाई, तुमच्या हाताला काय गुण आहे हो!" डॉक्टर काटे काढून लेकीला घास भरवायचे. रामभाऊ त्याच टेबलावर कांदाभात खायचे. वास नाकात जायचा, तोंडाला पाणी सुटायचं. "तुमची फारच पंचाईत होते," वहिनी म्हणायच्या. "सवय आहे," रामभाऊ म्हणायचे. स्वप्नाच्या गालावर रंग आला तो आपल्या बोटानं आणला, हे फक्त त्यांना आणि यूनुसला ठाऊक होतं. आणि ते कुणाला सांगता येत नाही म्हणून ते आतून जळायचे.

फेब्रुवारीच्या शेवटी इराकी पळाले. जाताना तेलाच्या विहिरी पेटवून गेले. मार्च आला तरी भर दुपारी गाड्यांचे दिवे लावावे लागायचे आणि सूर्य दिसेना म्हणून पाणीही तापेना. हळूहळू माणसं परतू लागली, मंडळातलेही दोघेतिघे आले. समुद्राकडे जाऊ नका, सुरुंग सुटून वाहत आलेत, असं रेडिओ रोज सांगत होता.

महिना संपताना स्वप्नाचा वाढदिवस आला. "यूनुसभाई, एक मासा मिळेल?" वहिनींनी विचारलं. "एकच. ती केकचं नाव काढत नाही, तुमचं हामूर मागते." यूनुसनं रामभाऊंकडे पाहिलं. रामभाऊ खिडकीबाहेर बघत राहिले.

जिन्यात यूनुस म्हणाला, "चल."

"नको. आता दिवसाढवळ्या माणसं असतात. दवाखान्यातला कुणी बघेल." रामभाऊंनी आवाज खाली आणला. "बाजार सुरू होईल आठवड्याभरात."

"वाढदिवस उद्या हाय. मग सांग ना त्यांना, मासे तू धरत होतास, आणि आता येणार नाय म्हणून. माझ्या हातात गुण नाय ते मला म्हाइती हाय."

रामभाऊंनी मान हलवली, नाही म्हणून.

"बरं, मी जातो. लाकडाला चिकटून बसतो, गप धरायचं, तूच शिकवलंस."

"सुरुंगांचं बघ," रामभाऊ म्हणाले. एवढंच म्हणाले. त्याला अडवायचं तर वर जाऊन खरं सांगावं लागलं असतं, आणि ते त्यांना जड गेलं. पुढे आयुष्यभर त्यांना याच वाक्याची शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास यूनुसचा नुकताच कुवेतला परतलेला चुलतभाऊ रफीक दवाखान्यात आला. त्याच्या सदऱ्यावर चिखल होता. तो गोदामाच्या भिंतीवर उभा राहून बघत होता म्हणून वाचला.

"मासा मिळाला होता," तो पुन्हापुन्हा सांगत होता. "पहिल्याच खुंटाला मिळाला. चांगला मोठा. मी म्हटलं, चल आता. तर येड्यानं कपाळाला लावलान आणि परत सोडलान! मी शिव्या घातल्या. म्हणतो, पहिला पाण्याला. आणि पुढच्या खुंटाकडे गेला. तिथं काय अडकलं होतं ते गढूळ पाण्यात दिसलंच नाय. एकदम फुटलं."

वाहत आलेलं काहीही लाकडाला येऊन चिकटतं, हे रामभाऊंना लहानपणापासून माहीत होतं. ते प्लास्टरच्या बादलीशेजारी खाली बसले.

चार दिवसांनी डॉक्टरांच्या हॉलमध्ये यूनुसच्या शोकसभेला सगळे जमले. मंडळाचे लोक होते, रफीक होता, डॉक्टर बोलायला उभे होते. "यूनुसभाईंच्या रक्तातच ती कला होती," ते म्हणाले. "अशा गढूळ, गारठलेल्या पाण्यातून मासा काढणं येरागबाळ्याचं काम नाही. माझी मुलगी आज उभी आहे ती त्या हातांमुळे."

रामभाऊ उठले. "ते मासे मी धरले होते," ते म्हणाले. "सगळे. यूनुसला त्या पाण्यात एकही मिळत नव्हता. मी भोई आहे. पहिला मासा सोडायचं मीच त्याला शिकवलं. त्याच्यानं तो मेला."

चौदा वर्षांचं ओझं एका दमात टाकलं होतं. कुणीतरी ओरडेल, तोंड फिरवेल, निदान चमकेल, असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी त्याची तयारी केली होती.

कुणीच चमकलं नाही. मंडळातले एकजण खाकरले आणि चपलांकडे बघू लागले. रफीकनं तोंड उघडलं, पण तो भिंतीवरून फक्त त्या शेवटच्या दिवशीच बघत होता. त्याला आधीचं काहीच माहीत नव्हतं. डॉक्टर पुढे आले आणि त्यांनी रामभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला.

"रामभाऊ, धक्का बसलाय तुम्हाला. पण गेलेल्या माणसाचं श्रेय असं घेऊ नये."

प्रेमावहिनींनी त्यांना धरून खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच कीव आली होती.

"असं काय करता, भाऊ?" त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्यात तर मासे चालतसुद्धा नाहीत."

मग त्या आत गेल्या आणि सगळ्यांची पानं मांडताना रामभाऊंसाठी वरणाची वेगळी वाटी आठवणीनं काढून ठेवली.