दोराच्या खाचा

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत राजाशी नातं न सांगणारं मराठी घर शोधून सापडायचं नाही. कुणाचे पणजोबा सरदार, कुणाचे खजिनदार. पालखी उचलणारा, पाणी भरणारा कुणाचाच पूर्वज कसा नव्हता, हे सीतालक्ष्मीला लहानपणापासून पडलेलं कोडं. तिचं घरही या बाबतीत मागे नव्हतं. तिचे वडील तुकोजीराव तरुणपणी समुद्राकडच्या जुन्या कालव्यावर कामाला होते. काम दोर ओढायचं. भाताच्या होड्या माणसं काठावरून दोरानं ओढत नेत. पण थोरल्या जयतीर्थाचं लग्न जमवताना आईनं ‘बंदरावर अधिकारी’ असं सांगून टाकलं आणि तुकोजीराव मूग गिळून बसले. ते आज एक्याऐंशीव्या वर्षापर्यंत.

कालवा बंद पडून पन्नास वर्षं झालेली. आता शहाण्णव साली सरकारला पर्यटक हवेसे झाले आणि कालव्याच्या टोकाचं बंदर दुरुस्त झालं. उद्घाटनाला जुन्या अधिकाऱ्यांचा सत्कार आहे हे कळताच जयतीर्थानं अर्ज करून वडिलांचं नाव दिलं.

“अण्णा, अप्पांना विचारलंस का?” गाडीत सीतालक्ष्मीनं थोरल्या भावाला विचारलं.

“शाल मिळणार आहे. त्यात विचारायचं काय?”

अप्पांना शालीचं कौतुक नव्हतं. त्यांना एक दगड पाहायचा होता. कालवा बंदरात वळतो त्या कोपऱ्यावरचा. तिथं दोर घासून घासून बोटभर खोल खाचा पडल्या होत्या. “माझ्या कामाचं जगात तेवढंच राहिलंय,” असं ते महिनाभर सांगत होते.

नऊ वाजता पोचले. धक्क्याच्या पायऱ्या धुऊन लख्ख, कोरड्या कालव्यात बोअरचं पाणी सोडलेलं, वर थंड पेयाच्या कंपनीचे तांबडे फलक. अप्पा काठी टेकत थेट कोपऱ्यावर गेले. दगडावर ओलं गोणपाट होतं. ते त्यांनी उचललं. खाली सपाट, गुळगुळीत सिमेंट.

त्यांनी दगडावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला.

“सीता, इथंच होत्या ना गं? की माझंच काही चुकतंय?”

पस्तीस वर्षं घरानं या माणसाला तो जे नव्हता ते म्हणवलं. आता तो जे होता त्याचाही त्याला भरवसा वाटेना.

देखरेखीचा तरुण इंजिनिअर सूर्यनारायण धावत आला आणि तमिळमध्ये म्हणाला, “काल संध्याकाळी भरून घेतल्या, अम्मा. दगड चिरल्यासारखा दिसत होता. पाहुण्यांचा फोटो इथंच निघणार.”

“चिरलेला नव्हता. ते यांनी केलंय,” तीही तमिळमध्येच म्हणाली. “दोर ओढून. हे अधिकारी नव्हते, दोरवाले होते.”

जयतीर्थाचा चेहरा उतरला. तो मराठीत पुटपुटला, “तोंड आवर, सीता. लोकांना कळतंय.”

“कळावं म्हणूनच तमिळ बोलले.”

ती गाडीकडे गेली, चिंचेच्या भाताच्या डब्यातली पितळी पळी पुसून घेऊन आली, पदर खोचला आणि दगडाशी उकिडवी बसली. रात्रभर ओलं राहिलेलं सिमेंट अजून पुरतं धरलं नव्हतं. पळीची कड रुतली, ढलपा सुटला.

“अम्मा, हे काय करताय?”

“दुरुस्ती.”

“हे काम मंजूर झालेलं आहे.”

“माझंही झालंय. मंजूर करणारे हे बसलेत.”

अप्पा खरंच खाली बसले होते, नेसलेल्या रेशमी वेष्टीसकट. त्यांनी बोट ठेवलं. “अजून खाली खरवड. पाणी उतरलं की होडी खाली, दोरही खाली. ही खालची खाच उन्हाळ्यातली.”

तिनं खरवडलं. खाच निघाली, अप्पांनी सांगितली तिथंच. त्यात त्यांचं अख्खं बोट बुडालं. मग त्यांनी स्वतःच नखांनी उकरायला घेतलं.

सूर्यनारायण वाकून पाहत राहिला. “किती जण ओढत, अय्या?”

“चौघं. पुढे मी. डावा खांदा.”

तो गवंड्याला हाक मारून म्हणाला, “पाणी मार रे इथं. लवकर सुटेल.”

अकराला पाच खाचा उघड्या होत्या. मंचावरून पुकारा झाला, “माजी बंदर अधिकारी तुकोजीराव यांनी वर यावं.” जयतीर्थ अप्पांच्या दंडाला धरून म्हणाला, “चला अप्पा, एवढं दोन मिनिटं. नंतर काय हवं ते करा.”

अप्पांनी दंड सोडवून घेतला. “अधिकारी वर सावलीत बसायचे. माझी जागा ही. द्यायची असेल तर शाल इथं आणा.”

लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि उन्हात खाली आले. शाल अंगावर घेताना अप्पा म्हणाले, “डाव्या खांद्यावर ठेवा. तोच राबला.” जयतीर्थ तोवर गाडीत जाऊन बसला होता, काचा वर करून.

परतताना पट्टुकोट्टै गाव मागे पडलं. अप्पांच्या नखांत, बोटांवर सिमेंट वाळून पांढरं झालेलं. जयतीर्थानं आरशातून ते पाहिलं.

“हात तरी धुवायचे होते, अप्पा. सीटची कव्हरं नवी आहेत.”

अप्पांनी दोन्ही हात सीटला पुसले. सावकाश, आधी तळवे, मग पालथे.