चौपन्न नंबरचं हेल्मेट

मित्रांनो, माझ्या अंगावरचे ओरखडे मोजत बसू नका. मी जुनं हेल्मेट आहे, ते दिसतंच. वैतागलेलं आहे, ते मात्र सांगितल्याशिवाय कळायचं नाही, म्हणून सांगतो.

आमचं गाव अमेरिकेतल्या आयोवात. चहूकडे मका, मधे एक छोटं कॉलेज आणि कॉलेजच्या मागे फुटबॉलचं मैदान. आमचा फुटबॉल लंबगोल चेंडूचा. तो हातात घेऊन पळायचं आणि पळणाऱ्याला समोरच्यांनी अंग झोकून पाडायचं. या पाडापाडीसाठीच माझा जन्म. कारखान्यात माझ्या पोटात मऊ गाद्या बसवल्या, मग एका लोखंडी डोक्यावर चढवून मला उंचावरून पुन्हा पुन्हा आपटलं. मी पास झालो. बाहेर पडताना माझ्या पाठीवर सूचना चिकटवली, की हेल्मेट कवटी वाचवतं, आतला मेंदू हादरला तर ते त्याला थांबवता येत नाही. चांगली ठळक अक्षरं होती. कुणी म्हणजे कुणी वाचली नाहीत.

मला पहिल्यांदा डोक्यावर चढवलं ते कर्ट हॅलव्हर्सनने. अठरा वर्षांचा, बैलासारख्या मानेचा, नंबर चौपन्न. हनुवटीचा पट्टा आवळायला सांगितलं की सैल ठेवायचा, गाद्यांत हवा भरून घ्यायला सांगितलं की 'उद्या' म्हणायचा. एक गोष्ट चारदा सांगितल्याशिवाय करायची नाही, असा त्याचा नेमच होता. त्याने कुणाला दणकून पाडलं की मुख्य प्रशिक्षक रॉय टीगन माझ्या अंगावर मक्याच्या कणसाचं एक चित्र चिकटवायचे. चौथ्या वर्षापर्यंत माझा मूळ निळा रंग दिसेनासा झाला. लोक टाळ्या वाजवायचे. मी मनात म्हणायचो, अरे, एकेका कणसामागे त्याचं डोकं किती हललं ते तरी विचारा कुणी.

आणि विचारायची सोय नव्हती असं नाही, हेच तर दुखणं आहे. खेळाडूंच्या दुखापती बघायला आमच्याकडे लोरेनबाई आहेत. दर ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू व्हायच्या आधी, त्या मुलांना संगणकासमोर बसवतात. शब्द लक्षात ठेवायचे, आकृत्या ओळखायच्या, रंग दिसला की कळ दाबायची. हे झालं धडधाकट डोक्याचं माप. पुढे डोक्याला मार बसला की तीच चाचणी पुन्हा घ्यायची, आणि माप उतरलं तर मैदान बंद. किती सोपं. पण ही शहाणी मुलं ऑगस्टमध्येच मुद्दाम चुकतात. दहा शब्द आठवत असले तरी पाच सांगतात, जांभया देत देत उशिरा कळ दाबतात. म्हणजे पुढे डोकं खरंच गरगरत असलं तरी माप जुळतं, आणि लोरेनबाई बिचाऱ्या म्हणतात, जा, खेळ.

कर्टनेही तेच केलं होतं. शेवटच्या वर्षी एका धडकेनंतर तो उठला आणि सरळ समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. चाचणी जुळली. पुढच्या शनिवारी पुन्हा धडक बसली. मग एक अख्खं सत्र त्याने आईच्या घरी अंथरुणात काढलं. आजही खेळाडूंची नावं त्याला मनगटावर लिहून ठेवावी लागतात.

त्याच्यानंतर मला आणखी दोघांनी वापरलं. दहा वर्षांचं झालं की हेल्मेट तपासायलासुद्धा कुणी घेत नाही. मला टाकून देणार तेवढ्यात कर्टने उचललं. तो त्याच कॉलेजात सहायक प्रशिक्षक होऊन परतला होता. त्याने मला कॉलेजातल्या आपल्या खोलीत फळीवर ठेवलं. वाटलं, आता निवांत. कसलं निवांत.

यंदाच्या ऑगस्टमध्ये, चाचणीच्या आधी, त्याने आपल्या हाताखालच्या बचावफळीतल्या मुलांना घरी जेवायला बोलावलं आणि मलाही सोबत नेलं. अंगणात शेगडीवर मांस भाजत होतं आणि हा मला हातात धरून किस्से सांगत होता.

"कोच, ही सगळी कणसं तुमची?" एमेट कोलारने विचारलं. फळीतला सगळ्यात तडफदार मुलगा.

"मग काय, शेजाऱ्याच्या शेतातून आणली?"

"आणि ती संगणकाची चाचणी तुमच्या वेळीही होती?"

"होती की. मी अशी दिली, की लोरेनबाई माझ्या आईला फोन करणार होत्या. पोराला लिहितावाचता येतं ना, म्हणून विचारायला."

पोरं हसून लोळली. चाल सगळ्यांना समजली. अंथरुणात काढलेल्या सत्राबद्दल मात्र कर्ट एक शब्द बोलला नाही. मी त्याच्या हातात नुसता चडफडत होतो.

ऑक्टोबरात एका मंगळवारी सरावात एमेटच्या डोक्याला मार बसला. बुधवारी चाचणी जुळली. शनिवारी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा सामना होता. एकेकाळी याच संघातून खेळलेले एमेटचे आजोबा त्यासाठी नेब्रास्काहून येणार होते. गुरुवारी एमेट आमच्या खोलीत आला. कर्टने चालींचा कागद त्याच्यापुढे धरला.

"ही सांग बघू."

"डावीकडून मी आत शिरतो. नाही, थांबा. उजवीकडून."

"आत्ताच तर बरोबर सांगितली होतीस."

"आत्ता कधी?"

कर्टने कागद खाली ठेवला. "ऑगस्टमध्ये चाचणी कशी दिलीस रे?"

एमेट हसला. "तुम्हीच शिकवलीत तशी, कोच."

तो गेला. आता कर्टने काय करावं? उठून लोरेनबाईंकडे जावं. त्यांची खोली वीस पावलांवर आहे. पण याने कपाट आवरलं. पेन्सिलींना टोकं केली. फोन उचलला, परत ठेवला. खरं सांगावं तर एमेटचा सामना जाणार आणि हे खूळ कुणी शिकवलं तेही निघणार. मग ही नोकरी राहील की नाही कोण जाणे, आणि दुसरीकडे रमेल असा हा माणूस नाही. हे सगळं मला कळत होतं. तरी फळीवरून उडी मारून त्याच्या पाठीत बसावं असं वाटत होतं.

शुक्रवारी अकराला लोरेनबाईच आल्या. उद्या खेळणाऱ्यांच्या यादीवर त्यांना त्याची सही हवी होती.

"किती वेळ बघतोस? पेन दिलंय हातात, सही कर."

"एमेटचं माप खोटं आहे."

"तुला कोणी सांगितलं?"

"मीच शिकवलं ते." मग खाली बघून म्हणाला, "माझंही खोटं होतं."

लोरेनबाई खुर्चीत बसल्या.

"नऊ वर्षं मी तुझे ते कागद काढून बघतेय, कर्ट," त्या म्हणाल्या. "आपली नजर कुठे चुकली म्हणून."

यादी उचलून त्या गेल्या. पाठोपाठ रॉय टीगन आले. "मेळाव्याच्या आदल्या दिवशी सुचलं तुला हे?" एवढंच विचारून त्यांनी त्यालाही शनिवारी मैदानावर येऊ नकोस म्हणून सांगितलं. बाकीचं कॉलेज ठरवील म्हणाले. एमेट आला तो दारातच उभा राहिला. "तुम्ही चार वर्षं खेळलात, कोच. मला एक शनिवार देववला नाही तुमच्याच्याने." दार इतक्या जोरात आपटलं, की मी फळीवरून खाली पडलो. कर्टने मला उचललंसुद्धा नाही.

सामना आपण हरलो. आजोबांनी नातवाला बाकावर बसलेलं पाहिलं. सोमवारी लोरेनबाईंनी सगळ्या संघाला पुन्हा चाचणीला बसवलं आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या. एमेटला तेवढं बरं होईपर्यंत थांबवलं. निकाल काय लागला म्हणता? एकोणीस मुलं दोन महिन्यांत एकाएकी हुशार झाली होती. आता यावर हसावं की रडावं ते तुम्हीच सांगा.

कर्टच्या नोकरीचं अजून ठरलेलं नाही. बुधवारी तो मला जमिनीवरून उचलून पुसत असताना एमेट आला. नमस्कार नाही, काही नाही. खुर्चीत बसला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "कोच, उजेड खुपतोय."

कर्टने आधी दिवा मालवला. "कधीपासून?"

"मार बसल्यापासून. रात्री झोपही नाही."

"लोरेनबाईंना मी सांगू?"

"नको. मीच सांगतो." तो उठला, पण त्याचा तोल जरा गेला. कर्टने त्याचा दंड धरला, आणि दोघं ती वीस पावलं चालत गेले.

मित्रांनो, मी कवटी सांभाळतो. आत काय हललं ते मला दिसत नाही, लोरेनबाईंना दिसत नाही, तुमच्या आईलाही दिसत नाही, ती कितीही डोळ्यांत तेल घालून बसली तरी. ते तुम्हीच सांगायला हवं. आणि लवकर सांगा. चारदा विचारायला लावू नका.